अबोलीचा डावा डोळा

एका गौरीला मी फौजदाराचं सोंग घेतलं, तेव्हा खुद्द माझ्या सासूनं डोक्यावरचा पदर सावरून मला विचारलं होतं, “साहेब, चहा घेणार का?” मी घेतला. वर बिस्किटंही मागितली. सासूबाई बिस्किटं आणायला आत गेल्या आणि बाहेर बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मिशी शेळीच्या केसांची होती, डिंकानं चिकटवलेली. ती चहात पडली तेव्हा बिंग फुटलं.

हे सांगायचं कारण म्हणजे, मुल्ला मॅडमनी मला निवडलं ते ह्या मिशीमुळं. डॉक्टर नाझनीन मुल्ला, मूळच्या मिरजेच्या. आमच्या पारेवाडीच्या आरोग्य केंद्रात बदलून आल्या होत्या. बोलणं गोड, इंजेक्शनचा हात त्याहून गोड. एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं.

“उज्ज्वलाताई, तुमच्या तोंडाला लाज नाही असं गाव म्हणतं.”

“खरंय की. लाज असती तर दहावीला नापास झाल्यावर पेढे वाटले असते का?”

“मग मला तुम्हीच पाहिजे,” त्या म्हणाल्या.

आमचा भाग गलाईवाल्यांचा. पाऊस कमी, म्हणून माणसं बाहेर पडली ती पार देशभर. गुवाहाटी घ्या, कोचीन घ्या, कुठल्याही सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात जा. तिथं एक भट्टी पेटलेली असते आणि भट्टीपुढं आमच्या विट्याकडचा बाप्या बसलेला असतो. लोकांचे जुने दागिने मुशीत घालून वितळवायचे, त्यातलं हीण काढायचं आणि चोख सोनं-चांदी सराफाच्या हातात द्यायची. माझे मालक संपतराव पंचवीस वर्षं ओडिशात, कटकला. चैत्रात गावच्या यात्रेला येणार, नंतर कधी गौरीला तर कधी दिवाळीला. काही बायका नवऱ्याबरोबर परमुलखात राहतात, काही माझ्यासारख्या गावी म्हैस आणि सासू सांभाळतात.

बाप्या लांब, बाई लांब. त्यात काय काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. मॅडम म्हणाल्या, “एचआयव्ही आता पहिल्यासारखा राहिला नाही. पण बाहेरगावी एकट्या राहणाऱ्या माणसांत अजून सापडतो, आणि बायकोला सगळ्यात शेवटी कळतं. मला कळायच्या आधीच्या बायका पाहिजेत.”

“मग बोलवा की केंद्रात.”

“येतील?”

नव्हत्या येणार. ‘ही तिथं कशाला गेली’ हे बाई घरी पोचायच्या आधी गावभर झालं असतं. बरं, फोनवर व्हिडिओनं एकत्र बसवावं तर तोंड दिसतं. आमच्यात कुठलीही दोन माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला नातं निघतं. धनबादची बाई गुवाहाटीच्या बाईपुढं रडायची आणि ती निघायची तिच्या चुलत नणंदेची जाऊ.

म्हणून ते नवीन यंत्र. मॅडमनी मला समजावलं ते असं. फोनचा कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावर शेकडो ठिपके कल्पून घेतो. भुवई कुठं आहे, ओठाचा कोपरा किती ओढला, गाल किती फुगला. फोटो पुढं जातच नाही. ठिपके कसे हलले तेवढंच पुढं जातं. पलीकडचा फोन ते हलणं उचलतो आणि दुसऱ्याच एका चेहऱ्यावर चढवतो. हा चेहरा यंत्रानं घडवलेला असतो, जगात कुणाचाच नसतो. तुम्ही हसलात की तो हसतो, तुम्ही आवंढा गिळलात की तो गिळतो. आवाजाचंही तसंच. शब्द तुमचे, चढउतार तुमचा, गळा भलत्याचाच. खरा चेहरा तुमच्या फोनमधून बाहेरच पडत नाही, मग चोरणारा चोरणार काय?

“म्हणजे सोंग,” मी म्हटलं.

त्याला सरकारी नाव काहीतरी लांबलचक होतं. पण आमच्यात ‘सोंग’ पडलं ते पडलंच. सोंगाला फुलाचं नाव आपोआप मिळायचं. आत कोण आलंय हे मॅडमलासुद्धा कळू नये अशी सोय होती. एक कोड टाकला की झालं. उघड्या तोंडानं फक्त मी बसायचं. मॅडम म्हणाल्या, एक तरी तोंड खरं पाहिजे.

कोड लांबलांबच्या बायकांपर्यंत पोचवायचा कसा, हा प्रश्न होता. त्यात काय अवघड? मी तो संपतरावांना पाठवला आणि सांगितलं, तिकडच्या आपल्या बायकांना द्या, तुम्ही उघडून बघू नका.

असली अक्कल चालवायला पण डोकं लागतं.

दर मंगळवारी दुपारी जेवणं आटोपली की बैठक. मी फोन उलगडून पिठाच्या डब्याला टेकवायची. पडद्यावर एकेक चेहरा उमलायचा, सगळ्या सिनेमातल्या बायकांसारख्या देखण्या. पहिल्या दिवशी गुलबक्षी म्हणाली, “अगं बया, असलं तोंड मला लग्नाआधी मिळालं असतं तर मी काय ह्याच्या गळ्यात पडले असते?”

गुलबक्षी कोण, कुठली, मला आजही माहीत नाही. तोंडाची मात्र माझ्या वरची. शेवंती तरणी असावी, बोलायच्या आधी खाली बघायची. एकदा ती म्हणाली, “मालक आल्यावर निरोध काढून पुढ्यात ठेवला, तर म्हणाले, माझ्यावर इश्वास न्हाई का?”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, इश्वास हाय, म्हणून तर पाकीट मी आणलं. न्हाईतर तुम्हांला आणाय लावलं असतं.”

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी, खोट्या डोळ्यांत. त्या दिवसापासून शेवंती मान वर करून बोलायला लागली.

इंजेक्शनचं मी त्यांना मुशीवरून सांगितलं. सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचायचं, औषध तिथंच साठून राहतं आणि थोडं थोडं अंगात झिरपतं. हा विषाणू स्वतःभोवती एक कवच बांधतो, आपली मूस असते तसं. औषध त्या मुशीलाच तडा देतं. मूस तडकली की आतला माल वाहून जातो, पुढं काही घडतच नाही. आधी रक्त तपासायचं, ते चांगलं निघालं की सुई. “नवऱ्यावर संशय घ्यायला नको, भांडायला नको. पोलिओचा डोस देताना पोराला काय विचारता का, कुणाशी खेळलास म्हणून?” बायका माना डोलवायच्या. बऱ्याचजणींनी टोचून घेतलं.

आणि आषाढात कधीतरी अबोली आली.

चेहरा गोल, कपाळावर बारीक टिकली, पस्तिशीची दिसणारी. दोन बैठका गप्प बसली. तिसऱ्या वेळी मी इंजेक्शनचं पुराण लावलं होतं, तेव्हा मधेच म्हणाली, “उजाक्का, तुम्ही घेतलं का?”

“मी?” मला हसूच आलं. “मी घेतलं काय, न घेतलं काय. आमचा माणूस तसला नव्हं. त्येला चहावाल्या बाईनं हसून बघितलं तरी घाम फुटतो.”

गुलबक्षी म्हणाली, “सगळ्यांचा माणूस तसला नसतोच, उजाक्का. तुम्हीच शिकवलंय.”

“माझं जाऊ द्या गं. मी म्हातारी.”

पुढच्या मंगळवारी अबोली पुन्हा तेच. “तपासणी तरी केली का?” त्याच्या पुढच्या वेळीही. आता मला कुणाला पिडायचं असलं तर मी पिडते, उलटं व्हायला लागलं की मला सोसत नाही. मी मनात म्हटलं, ही बाई आरोग्य खात्यातली असणार, माझ्यावर नजर ठेवायला बसवलेली.

त्याच आठवड्यात मालकांचा फोन आला होता. आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं. म्हैस कशी हाय, आईचा गुडघा कसा हाय, पत्र्याचं काय झालं.

“म्हैस लाथा मारती,” मी म्हटलं.

“आन् तुझी तब्येत?”

पंचवीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. मी म्हटलं, “मी बी लाथा मारती.” मग म्हणाले, “ह्या वर्षी गौरीला येतो.” आणि ठेवला.

मी अबोलीकडं नीट बघायला लागले ते वचपा काढण्यासाठी. सोंग घेणाऱ्याला सोंग कसं ओळखायचं ते कळतं. कपडे बघायचे नाहीत, मिशी बघायची नाही. माणूस विचार करताना काय करतो ते बघायचं, कारण तेव्हा तो सोंग विसरतो. मी मुद्दाम एक अवघड सवाल टाकला, “नवरा तपासणीला तयार नसंल तर काय कराल?” सगळ्या विचारात पडल्या. शेवंतीनं ओठ चावला. गुलबक्षीनं नाक खाजवलं. आणि अबोलीचा डावा डोळा अर्धा मिटला, उजवी भुवई हळूच वर गेली.

तसं बघणारी माणसं मी जन्मभर बघत आले. भट्टीतली मूस लाल-पांढरी होते तेव्हा तिच्याकडं दोन्ही डोळ्यांनी बघवत नाही. गलाईवाला एक डोळा अर्धा झाकून, एक भुवई वर घेऊन अंदाज घेतो. वर्षानुवर्षं तेच केलं की सवय हाडात जाते. पुढं हॉटेलातलं बिल बघतानाही तो तसाच बघतो. बायका भट्टीपुढं बसत नाहीत, बसू देत नाहीत. म्हणजे ह्या गोल गोऱ्या चेहऱ्यामागं बाप्या होता. यंत्रानं तोंड लपवलं, आवाज लपवला, पण हलणं जसंच्या तसं पाठवलं. तेवढंच तर त्याला शिकवलं होतं.

माझी तळपायाची आग मस्तकात. कुणाचा तरी नवरा बायकोवर पाळत ठेवायला आत घुसला होता. आमच्या बायका तिथं पोटातलं ओठावर आणत होत्या. लगेच हाकलता आला असता. पण मला त्याला पुरता उघडा पाडायचा होता, मग हाकलायचा होता. खोटं कशाला सांगू, हाताला खाज सुटली होती.

मंगळवारी मी भोळा चेहरा करून सांगायला लागले, “बायांनो, औषधाचं असं असतं बघा. मुशीत सोनं-चांदी घातलं की सोनं आधी वितळतं, चांदी मागनं...”

“चांदी आधी,” अबोली म्हणाली.

“न्हाई गं. सोनं.”

“न्हाई, उजाक्का. चांदी आधी पाणी होती. सोन्याला जास्ती आच लागती, आन् वितळल्यावर त्येच्यावर हिरवट झाक येती. ती दिसली की समजायचं...”

“तुला गं कसं ठावं?” मी गोड आवाजात विचारलं. “तुझे मालक भट्टीवर बसू देतात व्हय?”

सापळा मिटला. मी मनातल्या मनात मांडी थोपटली. आता तो गडबडणार, काहीतरी थाप मारणार, मग मी त्याला सगळ्यांदेखत सोलणार.

अबोलीनं थाप मारली नाही. तिनं ओठांचा चंबू केला आणि हळूच फुंकर सोडली. फू. मग म्हणाली, “ऐकून माहिताय.”

ती फुंकर माझ्या काळजात जाऊन बसली. वितळलेल्या धातूवर मळीची साय धरते. खालचा माल कसा आहे ते बघायला गलाईवाले तिच्यावर हळूच फुंकर घालतात. सगळेच घालतात. पण बोलायच्या आधी, काही अवघड बोलायचं असलं की शब्दांवर फुंकर घालणारा माणूस मी एकच बघितलाय. आमचा पहिला मुलगा पोटातच गेला, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यानं तसंच केलं होतं. फू. मग म्हणाला होता, “तू हायस न्हवं, बास झालं.”

“नेट गेलं वाटतं उजाक्काचं,” गुलबक्षी म्हणत होती. “तोंड बघा की, गोठलंय.”

माझं नेट चांगलं होतं.

मी बैठक लवकर संपवली आणि सोंगातल्या सोंगात एकटीशी बोलायची सोय होती ती वापरली. अबोलीला थांबायला सांगितलं. बाकीचे चेहरे विझले. ती राहिली आणि मी राहिले, पिठाच्या डब्यासमोर.

“बोल,” मी म्हटलं. “तुला माझ्याशी कायतरी बोलायचंय.”

डावा डोळा अर्धा मिटला. “माझं न्हाई. माझ्या भावाचं हाय.”

मी ‘संपतराव’ म्हणून एक हाक मारली असती तर तिथंच सगळं संपलं असतं. त्यानं फोन बंद केला असता आणि आमचं पुन्हा म्हैस नि पत्रा सुरू झालं असतं. मी हाक गिळली.

“काय झालं भावाला?”

“त्यो लांब असतो. एकटा. चैत्रात यात्रा करून परत गेला, तवा डोकं ठिकाणावर नव्हतं. दुकान चालंना, त्यात एकलेपणा. कुठं जायला नको तितं गेला. दोन-चारदा. पुढं तिकडं रक्तदानाचं शिबीर झालं, ह्येनं रक्त दिलं, तर त्यांनी बोलावून सांगितलं की तुझं रक्त चालत न्हाई. गोळ्या सुरू केल्यात. रोज घेतो. डॉक्टर म्हणतात, अजून थोडी कळ काढ, रक्तातला विषाणू मोजता येणार न्हाई इतका खाली जाईल, मग बायकोला तुझ्यापासनं धोका न्हाई. पण चैत्रात घरी होता तवा व्हतं का नव्हतं, त्येला खात्री न्हाई. त्याच्या आधी बी एकदा...”

इथं तिनं मान फिरवली. त्या अनोळखी सुंदर बाईनं. माझ्या अंगात मात्र नुसता जाळ. समोर असता तर मुसळ घातलं असतं डोक्यात. “तुझ्या भावाला माझ्याकडनं सांग,” मी म्हटलं, “दोन थोबाडीत ठेवल्यात म्हणून.”

“सांगते.”

“दोन न्हाई. चार.”

“सांगते.”

“बायकोला का सांगत न्हाई तो?”

“तोंड व्हत न्हाई. वहिनी लई हुशार हाय, उजाक्का. साऱ्या गावाला हसवती. ती हसायची थांबली तर माझ्या भावानं जगायचं कसं? म्हणून त्येला वाटलं, आधी वहिनीनं तपासून घ्यावं, सुई घ्यावी, तिचा जीव राहू दे, मंग सांगू. पण ती सगळ्यांना सांगती, सवता घेत न्हाई. सवतापुरती आंधळी हाय.”

मी जन्मभर लोकांना बनवत आले आणि माझा हा घामट, भित्रा माणूस बाईचं तोंड लावून आठवड्यामागून आठवडे माझ्या पुढ्यात बसला. कशासाठी, तर मी एक सुई टोचून घ्यावी म्हणून.

“वहिनी टाकून देईल का त्येला?” अबोलीनं विचारलं.

“वहिनीचं मी काय सांगू? चिडंल. महिना-महिना बोलायची न्हाई. पण...” मी डब्यावरचं पीठ पुसलं. “तुझ्या भावाला म्हणावं, घरी ये आन् सवताच्या तोंडानं सांग. सोंगातनं न्हाई. तिला दुसऱ्याच्या तोंडानं नकोय.”

तिनं मान हलवली.

“आन् आजपास्नं तू ह्या बैठकीत यायचं न्हाई. इथं दुसऱ्या बायका पोटातलं बोलत्यात. ते ऐकायचा तुला हक्क न्हाई, तुझ्या भावाचं कितीबी दुखत असलं तरी. जे ऐकलंस ते तिथंच पुरायचं.”

डोळा मिटला, भुवई वर गेली. माझ्या खऱ्या तोंडाकडं तिनं बघितलं. मी त्याला ओळखलंय हे त्याला कळलं की नाही कुणास ठाऊक. मग फू, आणि चेहरा विझला.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात गेले. मुल्ला मॅडमनी काही विचारलं नाही. रक्त घेताना मी एकही विनोद केला नाही, तेवढ्यानंच त्यांना काय ते कळलं असावं. नमुने विट्याला नेणारा ड्रोन पत्र्यावरून गुणगुणत गेला. मी बाकावर बसून राहिले आणि हिशेब घातला की मी किती बायकांना ह्या बाकावर बसायला लावलं असेल. त्यांना मी म्हणायचे, ‘काय घाबरायचंय त्यात?’ आता माझ्याच हाताचा घाम पुसायला पदर पुरत नव्हता.

मॅडम बाहेर आल्या त्या हसतच. “चांगलं आहे. काही आठवड्यांनी आणखी एकदा बघू, म्हणजे पक्की खात्री. आणि आज सुई.”

“द्या,” मी म्हटलं. पोट उघडं केलं. सुई गेली तेव्हा मी डोळे मिटले आणि मनात जेवढ्या माणसांची नावं आठवली तेवढ्यांना हात जोडले. मॅडमना जोडले. कटकच्या त्या शिबिरातल्या नर्सला जोडले. ते यंत्र कुठल्या पोरापोरींनी बनवलं असेल त्यांना जोडले, देव त्यांचं भलं करो. त्यांनी सगळं झाकलं आणि एक डोळा झाकायला विसरले.

बैठकीला सांगायला पाहिजे होतं. बायकांचा तो हक्क होता. मंगळवारी मी उघड्या तोंडानं सांगितलं, “अबोली बाई नव्हती. बाप्या होता. कुणाचा ते मी सांगणार न्हाई. त्याला काढलंय. नवे कोड आता फक्त बाईकडून बाईकडं, बाप्याच्या हातातनं न्हाई. ती चूक माझी.”

एकदम सगळ्या पेटल्या. शेवंती तर रडायलाच लागली, आपण काय काय बोलून बसलो म्हणून. मी ऐकून घेतलं. हसवलं नाही.

मग गुलबक्षीनं विचारलं, “आला कशाला होता?”

“त्याच्या बायकोनं सुई घ्यावी म्हणून. सवताला लागण झालीया, सांगायला तोंड नव्हतं.”

“घेतली का बायकोनं?” शेवंतीनं नाक पुसत विचारलं.

“घेतली. रक्त बी चांगलं निघालं.”

गुलबक्षीनं सुस्कारा सोडला. “असला नवरा मला आठ दिवस भाड्यानं द्या. आमचं येडं तर सुई बघितली की घराबाहेर पळतंय. पण शिक्षा पाहिजे, उजाक्का.” मग सगळ्यांनी मिळून निकाल दिला. गुन्हेगारानं मंगळवारी बैठकीच्या वेळी घरात थांबायचं नाही. आणि भट्टीवरच्या बाप्यांची अशीच बैठक भरवायची, तीसुद्धा स्वतःच्या उघड्या तोंडानं.

“पोचवते,” मी म्हटलं.

गौरी जेवल्या त्या दुपारी आमच्या पडवीत बायकांचा खेळ रंगला होता. फुगड्या झाल्या, पिंगा झाला, आता सोंग. सासूबाई कोपऱ्यात गुडघा चोळत बसल्या होत्या. मी आत गेले आणि मालकांचा जुना शर्ट चढवला, पायजमा, गळ्यात टॉवेल. हातात चुलीचा चिमटा घेतला. बाहेर येऊन पाटावर बसले, पितळी तांब्याची मूस केली, डावा डोळा अर्धा मिटला, उजवी भुवई वर घेतली.

बायका पडल्या हसून. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ह्यो तर आमचा संपा.”

तेवढ्यात दारात सावली पडली. खांद्याला बॅग, अंगावर प्रवासाची धूळ. खेळात बाप्यांना यायचं नसतं, म्हणून तो उंबऱ्याबाहेरच थांबला होता. मी मान वळवली नाही. तांब्याकडं बघत राहिले, ओठांचा चंबू केला आणि हळूच फुंकर घातली.

फू.

बॅग खाली टेकल्याचा आवाज झाला.

मी उठले, दाराशी गेले, शर्टाच्या बाहीनं घाम पुसला. जवळून बघितलं तर वाळला होता, पण रंग बरा होता. गोळ्या नेमानं घेत असावा. डोळे नुसते भरलेले.

“बोला, अबोलीबाई,” मी त्याच्यापुरतं म्हटलं.

आम्ही गोठ्याकडं गेलो. म्हैस रवंथ करत होती. त्यानं गव्हाणीला हात टेकला आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून, भाऊ नाही की बहीण नाही, ‘मी’ म्हणून. मला सगळं माहीत होतं, तरी मी पुन्हा ऐकलं. बोलताना एकदाही फुंकर घातली नाही. त्याच्याच शर्टात मी त्याच्यापुढं उभी होते. चार थोबाडीत ठेवायचं ठरवलं होतं, त्यातली एक ठेवली. दुसरीला हात उठला तो त्याच्या गालावरच राहिला.

“सुई घेतली न्हवं?” त्यानं विचारलं.

“तुमच्या बहिणीनं पिच्छा सोडला न्हाई.”

पडवीतून हाका येत होत्या, गलाईवाला कुठं गेला म्हणून. मी चिमटा उचलला आणि परत खेळात गेले. राग अजून होता. आजही कधी कधी असतो, भाकरी थापताना वर येतो. माझी दुसरी तपासणी चांगली निघाली. त्याच्या रक्तातला विषाणूही मोजण्याच्या खाली गेला. तो कटकला परत गेला आणि महिन्याभरात तिथल्या बाप्यांची बैठक सुरू केली. पहिल्या दिवशी तीनच आले, त्यातला एक चहासाठी.

ह्या चैत्रात तो घरी होता. मंगळवारी दुपारी मी फोन डब्याला टेकवला, तर त्यानं न सांगता म्हशीची दोरी सोडली आणि टोपी घालून माळाकडं निघाला. पडद्यावर एकेक चेहरा उमलत होता.

गुलबक्षी म्हणाली, “उजाक्का, आज आठवण झाली बघा. त्या अबोलीचं पुढं काय झालं वो?”

खिडकीतून मला तो दिसत होता. उन्हात उभा राहून, एक डोळा अर्धा मिटून, म्हैस कुठं चरायला न्यावी ह्याचा अंदाज घेत होता.

“नांदायला आली,” मी म्हटलं. “बरी नांदती.”